बालवाडीतल्या बाईंचे मोल

मुलगा दहावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाला की पेढे वाटताना गणिताच्या सरांची आठवण निघते. तो सनदी लेखापाल झाला की शिकवणी घेणाऱ्यांचा सत्कार होतो, शाल-श्रीफळ दिले जाते. ज्या बाईंनी त्याच मुलाचे रडे थांबवून त्याला प्रथम वर्गात बसते केले, डावी चप्पल कोणती आणि उजवी कोणती हे शिकवले, दुसऱ्याच्या हातातले खेळणे हिसकावून न घेता मागून घ्यावे ही सवय लावली, त्यांचे नावसुद्धा बहुधा घरात कोणाला आठवत नाही. त्या केवळ 'बालवाडीच्या बाई' असतात. शिक्षणाच्या साऱ्या इमारतीत पायाचे काम करणारी व्यक्ती सर्वांत अनोळखी राहते, कारण पाया जमिनीखाली असतो.

बालवाडीत मुलांना 'खेळवतात', असा एक सार्वत्रिक समज आहे. त्यात तथ्य नाही असे नाही. तेथे मुले खेळतातच. परंतु तीस मुलांना खेळवणे आणि तीस मुलांना खेळातून घडवणे यांत मोठे अंतर आहे. ते समजून घ्यायचे तर जूनमधल्या पहिल्या आठवड्याचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. कोणी दाराला घट्ट धरून आईच्या नावाने आक्रोश करीत असते. त्याचे पाहून शांत बसलेली चार मुले रडू लागतात. एकाला बाहेर जायचे असते, पण ते सांगण्याचा धीर नसतो. एकीने डब्याचे झाकण उघडता उघडता सारा उपमा सांडलेला असतो. एक जण कोणाशीही न बोलता खिडकीपाशी उभा असतो. बाईंना दोनच हात असतात आणि आवाज चढवून चालत नाही. प्रत्येक रडण्याचे कारण वेगळे असते. भुकेचे रडे, भीतीचे रडे, हट्टाचे रडे आणि ताप चढत असल्याचे रडे हे ऐकताक्षणी ओळखावे लागते. ही ओळख पुस्तकातून होत नाही. ती वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून येते. मुरलेल्या कापड व्यापाऱ्याला बोटांच्या स्पर्शाने सुताचा दर्जा कळावा, तशी.

त्यातही आपल्याकडच्या वर्गांत भाषेची एक विशेष अडचण असते. व्यापारानिमित्त पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्रात स्थिरावलेल्या कुटुंबांत घरी मारवाडी, गुजराती, कच्छी किंवा कन्नड बोलली जाते, शेजारी मराठी असते आणि शाळेचे माध्यम इंग्रजी निवडलेले असते. साडेतीन वर्षांच्या मुलाला तहान लागते ती घरच्या भाषेत. त्याने उच्चारलेला शब्द बाईंना कळला नाही, तर ते मूल पुन्हा मागत नाही, तहानलेले राहते. शौचाला जायचे आहे हे परक्या भाषेत सांगता न आल्याने कपडे ओले झालेले मूल पुढचे कित्येक दिवस शाळेच्या नावाने धास्तावते, आणि घरी मात्र 'हट्टी आहे' असा शिक्का बसतो. जाणत्या बाई पहिल्या आठवड्यातच प्रत्येक घरातले पाणी, भूक, शू आणि दुखणे यांचे शब्द विचारून घेतात. या चार शब्दांच्या आधारावर मूल सबंध वर्ष तरून जाते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या वयात घरच्या भाषेवर भर दिला आहे. पुष्कळ अनुभवी बाई ते तत्त्व धोरण येण्यापूर्वीपासून आचरीत आल्या आहेत.

डब्याच्या सुट्टीचेही असेच आहे. मोठ्यांना ती विश्रांतीची वेळ वाटते. बाईंच्या दृष्टीने तो दिवसातला सर्वांत कठीण तास असतो. मुले एकमेकांच्या डब्यात हात घालतात. एखाद्या मुलाच्या घरी कांदा-लसूण, बटाटा वर्ज्य असतो. शेजारच्या मुलीच्या डब्यात नेमकी बटाट्याची भाजी असते आणि ती प्रेमाने घास पुढे करते. 'नको, ते तुझे नाही' असे दटावून सांगितले तर एकाला आपण वेगळे आहोत असे वाटते आणि दुसरीला आपले काही चुकले असे वाटते. बाई गोलात बसवून प्रत्येकाला आपल्या डब्यातला पदार्थ नावाने सांगायला लावतात. कोणाच्या घरी काय खातात आणि काय खात नाहीत, हे मुलांना गोष्टीसारखे कळते. आपला आचार पाळायचा आणि दुसऱ्याच्या ताटाचा उपहास करायचा नाही, हा धडा मोठमोठ्या व्याख्यानांतून जेवढा उतरत नाही तेवढा त्या पंधरा मिनिटांत उतरतो.

बाईंपुढची सर्वांत मोठी अडचण मात्र मुलांची नसते. ती पालकांची असते. दिवाळीपर्यंत मुलाने मुळाक्षरे लिहिली नाहीत की घरात कुजबुज सुरू होते. अमक्याचा मुलगा शंभरपर्यंत अंक लिहितो, मग आपला मागे का, असा प्रश्न येतो. शुल्क भरले आहे, तर वहीत काहीतरी दिसले पाहिजे, ही हिशेबी वृत्ती स्वाभाविक आहे. परंतु शरीराचाही एक हिशेब असतो. माणसाच्या मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेच्या रूपात असतात आणि पुढे अनेक वर्षांत एकेक करून पक्की होत जातात; चार-पाच वर्षांच्या मुलाच्या मनगटात ती सर्व तयार झालेली नसतात. बोटांचे लहान स्नायूही तोवर कोवळे असतात. अशा हाताला पानेच्या पाने गिरवायला लावली तर अक्षर वळत नाही, हात मात्र दुखतो, आणि लेखन म्हणजे शिक्षा ही गाठ मनात बसते.

म्हणून बाई माती मळायला देतात, कागद फाडायला लावतात, दोऱ्यात मणी ओवायला सांगतात, एका भांड्यातले पाणी न सांडता दुसऱ्या भांड्यात ओतायला शिकवतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटतो. वास्तविक ती लेखणी धरण्याची पूर्वतयारी असते. मणी ओवताना अंगठा आणि तर्जनी यांची जी पकड साधते, तीच पुढे पेन्सिलवर बसते. पाणी ओतताना डोळा आणि हात यांचा जो मेळ जमतो, तोच ओळीवर अक्षर बसवताना कामी येतो. 'दुकान-दुकान' खेळताना मुले चिंचोके मोजून घेतात, तराजूचे कोणते पारडे खाली गेले ते पाहतात, पाचातून दोन दिले तर किती उरले हे हाताने अनुभवतात. गणिताचा पाया असा घातला जातो, आणि व्यापाऱ्याच्या घरातल्या मुलाला तर तो खेळ शिकवावाही लागत नाही. फक्त खेळू द्यावा लागतो. वहीचे पान कोरे दिसले तरी खाते कोरे नसते. जमा होत असलेली रक्कम दिसायला वेळ लागतो, इतकेच.

या विचारामागे सुमारे दोन शतकांचा अभ्यास उभा आहे. जर्मनीतील फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था सुरू केली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. रोप ओढून वाढवता येत नाही. त्याला माती, पाणी आणि ऊन द्यावे लागते, ही कल्पना त्या नावातच आहे. प्रशियाच्या सरकारला या निरुपद्रवी बागेतही धोका दिसला आणि 1851 मध्ये तिच्यावर बंदी आली. ती 1860 मध्ये उठली. पुढे 1907 मध्ये रोममधील सान लोरेंझो या श्रमिक वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. ज्यांना कोणी शिकवण्यायोग्य मानत नव्हते, अशा गरीब मुलांना योग्य साधने आणि स्वातंत्र्य मिळाले की ती किती एकाग्रतेने काम करतात, हे त्यांनी दाखवून दिले.

आपल्याकडे हे बीज रुजवणाऱ्यांत गिजुभाई बधेका यांचे नाव अग्रभागी आहे. ते व्यवसायाने वकील होते. चालती वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि 1920 मध्ये त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. मुलांशी ते इतके एकरूप झाले की लोक त्यांना कौतुकाने 'मिशाळ आई' म्हणू लागले. राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवलेल्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. मानाचे, स्थिर पगाराचे पद सोडून तीन वर्षांच्या मुलांत येऊन बसणे, हा त्या काळी अनेकांना अविचार वाटला असेल. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार उभारून हे काम मराठी घरांपर्यंत आणले.

शहरातील सुस्थितीतल्या मुलांपुरते हे शिक्षण थांबू नये, असे त्यांना वाटत होते. 1945 मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डी या गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तेथे त्यांच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. बालवयात वैधव्य आलेल्या अनुताईंनी जिद्दीने शिक्षण घेतले होते आणि पुण्यात त्या शिक्षिका होत्या. 1957 मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले. तेथे वारली पाड्यांवरची मुले शाळेत येत नव्हती. कोणी धाकटे भावंड सांभाळत होते, कोणी गुरे राखत होते. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे जाईल, असे या दोघींनी ठरवले. झोपड्यांच्या अंगणात अंगणवाडी भरू लागली. गुराख्यांसाठी रानातच कुरणशाळा भरली. महाग साधनांच्या जागी खडे, शिंपले, पाने, बिया आणि काड्या आल्या. मोठ्या बहिणीने कडेवरच्या भावाला आणले तर त्याला सांभाळण्याची सोय झाली, म्हणजे बहीण शिकू शकली. ताराबाई 1973 मध्ये निवर्तल्या. त्यानंतरही 1992 पर्यंत, आयुष्याच्या अखेरपर्यंत, अनुताई याच कार्यात राहिल्या. शासनाने ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री देऊन गौरवले. 'बालवाडीच्या बाई' हे पद किती उंचीपर्यंत जाऊ शकते, हे पाहण्यासाठी महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही.

व्यवहारी मनाला भावनेपेक्षा आकडा अधिक पटतो, म्हणून एका अर्थशास्त्रीय अभ्यासाचा उल्लेख येथे करणे योग्य ठरेल. अमेरिकेतील टेनेसी राज्यात 1985 ते 1989 या काळात साडेअकरा हजारांवर मुलांना बालवर्गापासून तिसरीपर्यंतच्या वेगवेगळ्या वर्गांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे वाटून दिले गेले. काही वर्ग लहान होते, तेरा ते सतरा मुलांचे. काही नेहमीचे, बावीस ते पंचवीस मुलांचे. भारतीय वंशाचे अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांनंतर, ही मुले सत्तावीस वर्षांची झाल्यावर, त्यांच्या उत्पन्नाच्या नोंदी तपासल्या. 2011 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बालवर्गात ज्यांना अनुभवी शिक्षिका लाभली होती, त्यांची मिळकत प्रौढपणी तुलनेने अधिक आढळली. विशेष लक्षणीय गोष्ट पुढेच आहे. चांगल्या बालवर्गामुळे परीक्षेत पडलेला फरक वरच्या इयत्तांत हळूहळू पुसट होत गेला होता. तरीही मोठेपणी त्याचा परिणाम पुन्हा दिसून आला. मागे राहिले होते ते अक्षरांचे आणि अंकांचे ज्ञान नव्हे. नेटाने काम करणे, लक्ष देणे, इतरांशी जुळवून घेणे या सवयी टिकल्या होत्या.

हा निष्कर्ष व्यापारी कुटुंबाला नवा वाटू नये. पेढीवर नवा माणूस ठेवताना त्याची गुणपत्रिका एकदा पाहिली जाते; तो वेळेवर येतो का, दिलेला शब्द पाळतो का, चूक झाली तर लपवतो की सांगतो, गिऱ्हाईक रागावले तर शांत राहतो का, हे मात्र रोज पाहिले जाते. हे गुण कोठे रुजतात? 'माझी पाळी येईपर्यंत मी थांबेन' हे वाक्य माणूस प्रथम घसरगुंडीपुढच्या रांगेत शिकतो. सांडलेले पाणी आपणच पुसायचे असते, हे त्याला बालवाडीतल्या फडक्याने शिकवलेले असते. रुसलेल्या मित्राशी पुन्हा बोलण्याची सुरुवात कोणी करायची, याचा पहिला सराव तेथेच झालेला असतो. संस्कार म्हणून ज्याचा घरात अभिमान बाळगला जातो, त्यातील बराच भाग बाईंच्या हातून घडलेला असतो.

आता या मोलाची किंमत समाज काय देतो, तेही पाहिले पाहिजे. पूर्वप्राथमिक वर्गाच्या शिक्षिकेला अनेक ठिकाणी त्याच संस्थेतील वरच्या वर्गांच्या शिक्षकांपेक्षा कमी वेतन मिळते. 1975 च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून देशभर अंगणवाड्या उभ्या राहिल्या. मुलांचा आहार, वजन, लसीकरण आणि शिक्षण असा चौफेर भार तेथील सेविका वाहतात, पण त्यांना मिळते ते 'मानधन'. ऑक्टोबर 2018 पासून केंद्र सरकारने ते दरमहा 3,000 रुपयांवरून 4,500 रुपये केले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. या सेविका उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घेण्यासाठी 2022 साल उजाडावे लागले. मुलाच्या वाढदिवसाच्या एका समारंभावर जो खर्च सहज होतो, त्याच्याशी हा आकडा ताडून पाहिला तर बोलण्यासारखे फारसे उरत नाही. समाजातील पुष्कळ धर्मादाय संस्था आणि विश्वस्त निधी शाळा चालवतात. भिंतीवरच्या देणगीदारांच्या फलकाइतकीच बालवर्गाच्या शिक्षिकेच्या वेतनाची आणि प्रशिक्षणाची काळजी त्यांनी घेतली, तर ते दान थेट मुलांपर्यंत पोहोचेल.

दुसरी गोष्ट घरातली आहे. समाजातील अनेक लेकी-सुना बालशिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करून या क्षेत्रात काम करीत आहेत. त्यांच्या कामाविषयी 'तेवढाच वेळ जातो', 'अर्ध्या दिवसाची तर नोकरी' असे उद्गार सहज निघतात. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. तरी ते लागतात. सकाळी घरचे स्वयंपाकपाणी आवरून ती वर्गात जाते, तीस मुलांचे मन सांभाळते, दुपारी परतल्यावर रात्री उशिरापर्यंत पुठ्ठे कापून दुसऱ्या दिवशीची चित्रे तयार करते. त्यातला बराचसा खर्च ती स्वतःच्या बटव्यातून करते. दुकानातून आलेल्या मुलाला 'आज दिवस कसा गेला?' असे ज्या आपुलकीने विचारले जाते, तितक्याच आपुलकीने सुनेलाही विचारले गेले, तर तिच्या श्रमाची अर्धी भरपाई तेथेच होते.

उरलेली भरपाई तिला वर्गात मिळत असते, आणि ती कोणत्याही वेतनपत्रकात मावणारी नसते. जूनपासून खिडकीपाशी मुकाट उभा राहणारा मुलगा नोव्हेंबरमधल्या एका सकाळी हळूच येऊन बोट धरतो आणि घरी वासरू झाल्याची बातमी सांगतो. पाच महिन्यांत ते त्याचे पहिले वाक्य असते. पाणी सांडणारी मुलगी काठोकाठ भरलेला पेला जीभ बाहेर काढून, श्वास रोखून, एक थेंबही न सांडता टेबलापर्यंत आणते आणि साऱ्या वर्गाकडे विजयी मुद्रेने पाहते. कोणी घरी आईला चुकून 'बाई' म्हणते, तर कोणी शाळेत बाईंना चुकून 'मम्मी' म्हणते आणि लाजते. या क्षणांची नोंद कोठे होत नाही, परंतु त्यांच्याच बळावर बाई पुढच्या जूनला पुन्हा नव्या रडारडीला सामोऱ्या जातात.

मुलाची बालवाडी चांगली आहे की नाही, हे पालकांनी कसे ओळखावे? वहीची पाने मोजून ते कळत नाही, आणि इमारतीच्या रंगावरून तर मुळीच नाही. घरी मूल 'शाळा-शाळा' खेळत असताना आजीने थोडा वेळ कान देऊन बसावे. उशांना आणि बाहुल्यांना रांगेत बसवून मूल त्यांच्यापुढे बाई होते. ते बाहुलीला दरडावते, की तिचे डोळे पुसते. 'गप्प बस' म्हणते, की 'सांग, काय झाले?' असे विचारते, यावरून वर्गातली हवा तंतोतंत कळते. मूल त्या वेळी बाईंचाच आवाज काढीत असते. तो आवाज मायेचा असेल, तर वहीत अक्षर एक महिना उशिरा आले तरी काळजी करू नये. वर्षअखेरीस त्या बाईंना भेटवस्तू देण्यापेक्षा शाळेत जाऊन, त्यांचे नाव घेऊन, मुलामध्ये काय बदल दिसला हे दोन वाक्यांत सांगावे. ज्यांनी मुलाला बोलते केले, त्यांच्याशी पालकांनी एवढे बोलणे उचितच आहे.